हवेतलं कुलूप आणि ते तोडून बघणारी माणसं

आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्यांचं वायफायशी काय काम? काम आहे. ज्ञानमीमांसेतला एक जुना प्रश्न इथे अगदी रोजच्या व्यवहारातला होऊन बसला आहे. एखादी गोष्ट ‘सुरक्षित आहे’ असं आपण म्हणतो, तेव्हा ते आपल्याला कळलेलं असतं कशावरून? बनवणाऱ्यानं सांगितलं म्हणून? अजून चोरी झाली नाही म्हणून? की कुणीतरी मन लावून ती मोडायचा प्रयत्न केला आणि त्याला ती मोडता आली नाही म्हणून? वायरलेस जाळ्यांच्या सुरक्षेचा इतिहास हा या तीन उत्तरांमधल्या भांडणाचा इतिहास आहे. आज तो आपण जरा सविस्तर बघू.

सुरुवात कुलपापासून करू, कारण वाद तिथेच प्रथम उघडपणे झाला. १८५१ साली लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे आल्फ्रेड हॉब्ज नावाचा एक अमेरिकन कुलूपवाला आला. त्या काळी इंग्लंडमध्ये चब कंपनीचं कुलूप न फुटणारं समजलं जाई. हॉब्जनं ते साधारण पंचवीस मिनिटांत उघडून दाखवलं. मग तो ब्रामा यांच्या कुलपाकडे वळला. पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत ते कितीतरी वर्षं लटकत होतं, उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी बक्षीस होतं. हॉब्जनं १६ दिवसांत मिळून ५१ तास काम केलं आणि तेही उघडलं. लोक चिडले. हे असं चारचौघांत दाखवलं तर चोर शिकतील, असं म्हणू लागले. त्यावर हॉब्जच्या बाजूनं जे उत्तर दिलं गेलं ते आजही तितकंच लागू आहे. चोर आपल्या धंद्यात हुशारच असतात, त्यांना बहुधा हे आधीच ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते कुलूप विकत घेणाऱ्याला.

पुढे १८८३ मध्ये ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषेच्या प्राध्यापकानं लष्करी सांकेतिक लेखनावर फ्रेंचमध्ये एक लेख लिहिला. त्यात एक नियम आहे. संकेतपद्धती अशी हवी, की ती उद्या शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुपित फक्त किल्लीत असावं, कुलपाच्या रचनेत नव्हे. आता हा नियम वरवर उलटा वाटतो. आपल्याला वाटतं, जितकं लपवू तितकं बरं. पण नीट बघा. किल्ली हरवली तर बदलता येते. रचना फुटली तर ज्यांनी ज्यांनी ते कुलूप घेतलं त्या सगळ्यांचं एकदम फुटतं. शिवाय लपवलेल्या रचनेतले दोष दाखवायला कुणी सज्जन पुढे येऊ शकत नाही.

आता बिनतारी संदेशांकडे येऊ. ४ जून १९०३. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांचं व्याख्यान चालू आहे. मार्कोनी कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या पोल्डू केंद्रात आहेत आणि तिथून संदेश यायचा आहे. मार्कोनींचा दावा असा होता, की त्यांची यंत्रं ठरावीक लहरीवर जुळवलेली असल्यामुळे त्यात दुसऱ्या कुणाला घुसता येणार नाही. संदेश यायच्या थोडं आधीच यंत्र टकटक करू लागलं. मोर्समध्ये एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता. ‘उंदीर’! त्यामागोमाग मार्कोनींची टिंगल करणाऱ्या काव्यपंक्ती आल्या. हा उद्योग होता नेव्हिल मॅस्केलाइन या जादूगाराचा. जवळच स्वतःचं प्रक्षेपण यंत्र लावून तो बसला होता. फ्लेमिंग यांनी ‘टाइम्स’ला संतापून पत्र लिहिलं, ही वैज्ञानिक गुंडगिरी आहे म्हणाले. मॅस्केलाइननं त्याच पत्रातून उलट उत्तर दिलं. दावा जाहीर केला होता, मग त्याची परीक्षाही जाहीर व्हायला हवी, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ.

मॅस्केलाइन काही साधुपुरुष नव्हता हेही सांगायला हवं. तारेवर धंदा करणाऱ्या कंपनीला मार्कोनींची धास्ती होती आणि तिनं या गृहस्थाला कामाला लावलं होतं. म्हणजे परीक्षा घेणाऱ्याचा हेतू स्वार्थी, पण परीक्षेचा निकाल खरा! या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. आपल्या आजच्या विषयाची ती एक मुख्य अडचण आहे.

आता जवळजवळ शंभर वर्षं पुढे येऊ. १९९७ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेनं ८०२.११ हे मानक प्रसिद्ध केलं. आपण ज्याला वायफाय म्हणतो त्याचा पाया हाच. त्यात सुरक्षेची जी योजना होती तिचं नाव ‘वायर्ड इक्विव्हॅलंट प्रायव्हसी’, थोडक्यात वेप. नावातच वचन आहे. तारेनं जोडलेल्या जाळ्यात जितकी खासगी सोय असते तितकी हवेतही देऊ, असं.

हे वचन मोडलं कसं ते समजून घेऊ. फार गणित लागत नाही. वेपमध्ये एक गुप्त किल्ली असते, आणि हवेतून जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटबरोबर २४ बिटांचा एक आकडा उघड्यावर पाठवला जातो. किल्ली आणि हा आकडा एकत्र करून आरसी४ नावाच्या पद्धतीनं अक्षरांची एक सरमिसळ माळ तयार होते, आणि त्या माळेनं मजकूर झाकला जातो. आकडा दर वेळी वेगळा, म्हणून माळ वेगळी. कल्पना चांगली आहे. पण २४ बिटांत आकडे मावतात किती? १,६७,७७,२१६. ऐकायला पुष्कळ वाटतात. सेकंदाला ११ मेगाबिट वेगानं भरून वाहणाऱ्या जाळ्यात ते सुमारे पाच तासांत संपतात! मग जुना आकडा पुन्हा वापरावा लागतो, म्हणजे तीच माळ पुन्हा. एकाच माळेनं झाकलेले दोन मजकूर शेजारी ठेवले की झाकण सैल होतं.

ऑक्टोबर २००० मध्ये इंटेलचे जेसी वॉकर यांनी लेख लिहून सांगितलं, की किल्ली कितीही लांब केली तरी वेप सुरक्षित होणार नाही. २००१ च्या सुरुवातीला बर्कलीच्या बोरिसोव्ह, गोल्डबर्ग आणि वॅग्नर यांनी आणखी दोष दाखवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्लुरर, मंतिन आणि शमीर यांनी दाखवलं, की काही विशिष्ट आकडे वापरले गेले की खुद्द किल्लीबद्दलच थोडी थोडी माहिती बाहेर झिरपते. अशी पुरेशी पॅकेटं गोळा केली की किल्ली हाती लागते. कुणाच्या घरात शिरायला नको, काही फोडायला नको. रस्त्याच्या पलीकडे बसून नुसतं ऐकायचं!

इथे केर्कहॉफ्स पुन्हा आठवतो. आरसी४ ही पद्धत रॉन रिव्हेस्ट यांनी १९८७ मध्ये तयार केली होती आणि ती कंपनीचं गुपित म्हणून सांभाळली जात होती. १९९४ मध्ये ती इंटरनेटवर फुटली. म्हणजे जगभरच्या अभ्यासकांना ती उघडपणे तपासता येऊ लागली, त्यानंतर अवघ्या तीनच वर्षांनी हे मानक आलं. खुद्द वेपची रचनाही सांकेतिक लेखनाच्या जाणकारांनी आधी कसून तपासलेली नव्हती. तपासणी झाली ती यंत्रं लाखो घरांत पोचल्यावर.

ऑगस्ट २००१ मध्येच एअरस्नॉर्ट नावाचा प्रोग्रॅम कुणालाही फुकट मिळू लागला. पॅकेटं गोळा करायची आणि पुरेशी झाली की किल्ली काढायची, एवढंच त्याचं काम. त्याच सुमारास किस्मेट आलं. ते स्वतः काही पाठवत नाही, फक्त ऐकतं आणि आसपास कोणती जाळी आहेत, त्यांत कोणती उघडी आहेत हे सांगतं. २००४ मध्ये एअरक्रॅक आलं, आणि २००६ पासून त्याचीच पुढची आवृत्ती एअरक्रॅक-एनजी. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या तिघा संशोधकांनी वेपची १०४ बिटांची किल्ली एका मिनिटाच्या आत काढून दाखवली. तीस-चाळीस हजार पॅकेटांतच निम्म्या वेळा काम होतं असं त्यांच्या हिशोबात दिसलं.

आता प्रश्न असा, की ही हत्यारं आहेत की औजारं? किस्मेट घेऊन एखादा भुरटा गल्लीतून फिरू शकतो. तेच किस्मेट घेऊन कार्यालयाचा तंत्रज्ञ ‘आपल्या इमारतीत कुणी परस्पर लावलेला राउटर तर नाही ना’ हे शोधू शकतो. प्रोग्रॅम एकच, ओळी त्याच. सुरी भाजी चिरते आणि बोटही कापते, हे आपल्याला स्वयंपाकघरातून ठाऊक आहे. म्हणून सुरीवर बंदी घालायची मागणी कुणी करत नाही. पण सुरी कुणाच्या हातात आहे आणि कुणाच्या घरात, हे मात्र आपण विचारतो.

टीकाकार म्हणाले, हे प्रोग्रॅम आलेच नसते तर वेपवर काही वर्षं तरी निभावलं असतं. या म्हणण्याची परीक्षा इतिहासानंच घेतली. अमेरिकेत टीजेएक्स नावाची कपड्यांच्या दुकानांची मोठी साखळी आहे. तिच्या यंत्रणेत २००५ मध्ये बाहेरची माणसं शिरली आणि २००७ च्या जानेवारीत ते जाहीर झालं. कंपनीनं स्वतः दिलेला आकडा ४ कोटी ५७ लाख कार्डांचा होता. कॅनडाच्या प्रायव्हसी कमिशनरनं चौकशी केली. दुकानांतलं वायरलेस जाळं वेपवर चालत होतं, आणि त्याहून चांगल्या पद्धतीकडे जायला कंपनीनं फार वेळ लावला, असा निष्कर्ष निघाला. तारखा जुळवून बघा. दोष २००१ मध्ये जाहीर. सुधारलेली पद्धत, डब्ल्यूपीए, २००३ मध्ये बाजारात. घुसखोरी २००५ मध्ये. नुकसान झालं ते दोष उघड केल्यामुळे नाही. उघड झालेला दोष चार वर्षं ऐकून घेऊन तसाच ठेवल्यामुळे झालं. कळणं आणि वळणं यांत अंतर असतं असं आपली म्हण सांगते. चोर त्या अंतरात राहतो.

या इतिहासात पुण्याचंही एक पान आहे, आणि ते आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. एअरटाइट नेटवर्क्स ही वायरलेस घुसखोरी ओळखणारी आणि रोखणारी यंत्रणा बनवणारी कंपनी. तिचं संशोधनाचं काम पुण्यात चाले. २००७ मध्ये तिथल्या विवेक रामचंद्रन आणि मोहम्मद सोहेल अहमद यांनी ‘कॅफे लाटे’ नावाचा हल्ला अमेरिकेतल्या परिषदेत मांडला. तोवर सगळ्यांचा समज असा होता, की वेपची किल्ली काढायची तर त्या जाळ्याच्या जवळ जावं लागतं. या दोघांनी दाखवलं, की नुसता लॅपटॉप पुरतो. कार्यालयापासून लांब कुठेतरी कॉफी पीत बसलेल्या माणसाच्या लॅपटॉपमध्ये ती किल्ली साठवलेली असते, आणि तो लॅपटॉप आपल्या ओळखीचं जाळं शोधत असतो. त्याच्याशी खोटं जाळं होऊन बोललं की कॉफी संपेपर्यंत किल्ली मिळते.

पुढच्याच वर्षी हा विषय मुंबईच्या दाराशी आला. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तपास नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरापर्यंत पोचला. घर एका परदेशी नागरिकाचं. त्याच्या वायरलेस जोडणीचा दुसऱ्याच कुणी वापर केला होता, असं पुढे आलं. पुढच्या महिन्यात माटुंग्यातल्या एका कॉलेजच्या आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीच्या जोडणीतून असेच ईमेल गेले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी ठरवलं, की लॅपटॉप घेऊन शहरात फिरायचं, उघडी जाळी शोधायची आणि मालकांना समज द्यायची. सात-आठ वर्षांपूर्वी जे हौशी तरुणांचं खूळ मानलं जाई ते पोलिसांचं काम झालं!

ही घटना एक नैतिक गोष्ट शिकवते. माझ्या जाळ्यात चोरण्यासारखं काय आहे, असं पुष्कळ लोक म्हणतात. पण उघडं जाळं चोरीसाठीच वापरलं जातं असं नाही. ते तुमच्या नावाआड लपायला वापरलं जातं. पोलीस येतात ते तुमच्या दारात.

आता प्रमाणाच्या प्रश्नाकडे येऊ, कारण इथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना खरी मेजवानी आहे. २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आलं. ते वेपपेक्षा सर्वार्थानं भक्कम होतं. त्यात आपला लॅपटॉप आणि राउटर एकमेकांना चार संदेश पाठवून ओळख पटवतात. या चार संदेशांची देवाणघेवाण सुरक्षित आहे अशी गणिती सिद्धताही दिली गेली होती. सिद्धता! म्हणजे वाद संपला, असं कुणालाही वाटेल.

२०१० मध्ये पुण्याच्याच सोहेल अहमद यांनी ‘होल १९६’ मांडलं. नाव असं का? मानकाच्या १,२३२ पानी दस्तऐवजात १९६ व्या पानाच्या तळाशी एक ओळ आहे. गटातल्या सगळ्यांना मिळून जी सामाईक किल्ली दिलेली असते तिच्यामुळे पाठवणाऱ्याचं सोंग ओळखता येत नाही, असा तिचा आशय. म्हणजे आतला माणूस राउटरचं सोंग घेऊन आतल्याच दुसऱ्याला फसवू शकतो. दोष लपवलेला नव्हता, छापलेला होता. त्या ओळीतून निघणारं अनुमान मात्र कुणी मांडलं नव्हतं.

२०११ च्या शेवटी दुसरा दोष निघाला. राउटरला चटकन जोडता यावं म्हणून डब्ल्यूपीएस नावाची सोय केली होती. तिला आठ अंकी पिन लागते. आठ अंक म्हणजे दहा कोटी शक्यता. पण राउटर ती पिन दोन तुकड्यांत तपासत असे, पहिला तुकडा बरोबर की चूक हे वेगळं सांगत असे, आणि शेवटचा अंक आधीच्या सातांवरून ठरत असे. त्यामुळे दहा कोटींच्या जागी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. सोयीसाठी केलेली मागची खिडकी पुढच्या दारापेक्षा कच्ची निघाली.

मग ऑक्टोबर २०१७. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाचे मॅथी व्हॅनहूफ यांनी ‘क्रॅक’ हा हल्ला जाहीर केला. चारपैकी तिसरा संदेश पुन्हा पाठवला, की समोरचं यंत्र तीच किल्ली नव्यानं बसवतं आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. म्हणजे वेपमधलं तेच जुनं दुखणं, एकच माळ दोनदा. मग ती सिद्धता चुकीची होती का? नाही. ती तिच्या गृहीतकांपुरती बरोबरच होती. किल्ली एकदा बसल्यावर पुन्हा बसवली तर काय, हा प्रश्न तिच्या चौकटीत नव्हताच. सिद्धता आपण विचारलेल्या प्रश्नांची हमी देते. न विचारलेले प्रश्न विचारायला माणूस लागतो.

व्हॅनहूफ यांचं वागणं लक्षात घेण्यासारखं आहे. त्यांनी दोष सापडल्यावर आधी उत्पादकांना कळवलं, दुरुस्तीला काही महिने दिले, मग जाहीर केलं. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आलं. २०१९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी आणि एयाल रोनेन यांनी त्यातलेही दोष दाखवले, आणि ते दुरुस्त होऊ लागले. कार्ल पॉपर यांनी १९३४ मध्ये विज्ञानाबद्दल जे सांगितलं, की सिद्धांत कायमचा खरा ठरत नाही, तो फक्त खोटा ठरवण्याच्या प्रामाणिक प्रयत्नांतून आजवर टिकलेला असतो, ते कुलपालाही लागू पडतं.

आपल्या परंपरेत यासाठी फार नेमके शब्द आहेत. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद, जल्प आणि वितंडा. सत्य कळावं म्हणून चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचा काहीच पक्ष न मांडता समोरच्याचं फक्त खंडन करणं म्हणजे वितंडा. ही फूटपट्टी इथे लावून बघा. मालकाची परवानगी घेऊन जाळं तपासायचं, दोष सांगायचा, दुरुस्ती सुचवायची, हा वाद. मॅस्केलाइननं केला तो जल्प. दोष चव्हाट्यावर मांडून दुरुस्तीचं तुमचं तुम्ही बघा म्हणणं ही वितंडा. आणि चोर? तो चर्चेत बसलेलाच नाही. त्याला दोष कुणाला कळावा असं वाटतच नाही.

वाद आणि घुसखोरी यांतली रेषा आपल्या कायद्यानंही परवानगीवरच ओढली आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय कुणाच्या संगणकात किंवा जाळ्यात शिरण्याबद्दल आहे. तेच अप्रामाणिक किंवा कपटी हेतूनं केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून आपल्या तरुण श्रोत्यांना एवढंच सांगायचं, की एअरक्रॅक शिकायचं असेल तर जरूर शिका. स्वतःचा जुना राउटर घ्या आणि त्यावर शिका. शेजाऱ्याचा नको, ‘बघू तरी’ म्हणूनही नको. दुसऱ्याच्या जाळ्याची परीक्षा घ्यायची तर परवानगी लेखी घ्या.

आणि जे शिकणार नाहीत त्यांनी काय करायचं? राउटरमध्ये वेप किंवा पहिलं डब्ल्यूपीए दिसलं तर डब्ल्यूपीए३ करा, ते नसेल तर डब्ल्यूपीए२. डब्ल्यूपीएस बंद करा. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा घेता येतो, तो मोठा घ्या, कारण डब्ल्यूपीए२ मध्ये ओळख पटवतानाचे संदेश टिपून घेऊन घरी बसून शब्दकोशातला एकेक शब्द लावून बघता येतो. मोबाइल क्रमांक, मुलाचं नाव, असलं काही ठेवू नका. राउटरची सुधारित आवृत्ती येते ती घाला. ती येणंच बंद झालं असेल तर राउटर बदला. पाहुण्यांसाठी वेगळं जाळं ठेवा.

हे घरापुरतं झालं. पण आपली माहिती आपल्या घरात थोडीच राहते? ती सहकारी बँकेत आहे, मुलांच्या शाळेत आहे, रुग्णालयाच्या नोंदींत आहे. त्या संस्थांचे आपण सभासद असतो, पालक असतो, रुग्ण असतो. वार्षिक सभेत हिशोबतपासणीचा अहवाल आपण मागतो, मंजूर करतो. तिथेच आणखी तीन प्रश्न विचारायला काय हरकत आहे? आपलं जाळं शेवटचं कधी तपासून घेतलं? त्यात काय सापडलं? आणि सापडलेलं दुरुस्त केव्हा झालं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुधा मिळतील. तिसऱ्याचं उत्तर तारखेसह मिळेपर्यंत खाली बसू नका.

इथे थांबतो. प्रश्न असतील ते आता घेऊ.